चाक तेच, टायर कोणता?

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



टायर ही वस्तू अशी आहे, की ती झिजेपर्यंत मालकाला तिची आठवण होत नाही आणि झिजली की मात्र ती त्याच दिवशी नवी हवी असते. अशा घाईत दुकानात जो टायर हाताशी असेल तोच योग्य वाटू लागतो. मोटारीबरोबर आलेल्या मूळ चाकांवर कारखान्याने नेमून दिलेल्या मापाऐवजी दुसऱ्या मापाचा टायर चालेल काय, आणि चालत असल्यास तो कसा निवडावा, एवढाच आजचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु मोटार कितीही मोठी असली, तरी रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो चार तळहातांएवढ्या रबराचाच. घाटात उतरताना घरची सारी माणसे त्या चार तळहातांच्या भरवशावर असतात.

मी राहतो उधन्यास, म्हणजे सुरत शहराच्या दक्षिण अंगाला. धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या भागांतून मागावर आणि रंगाईच्या गिरण्यांत कामाला आलेली मराठी कुटुंबे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. मीही त्यांतलाच एक. यंत्रमागांच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षे गेली. आमचा एक पाय उधन्यात, तर दुसरा खानदेशात. आखाजी आली, लग्नसराई आली, की आम्ही निघालो. कोणी उधना-जळगाव गाडीने जातो, कोणी भाड्याच्या मोटारीने. मोटारीचा रस्ता बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी असा जातो. पुढे कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल आणि साक्रीवरून धुळ्यास पोहोचतो. पूर्वी ह्या महामार्गाचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे.

माझा भाचा ह्याच रस्त्यावर आपली डिझायर भाड्याने चालवतो. गेल्या साली पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या गाडीचे चारही टायर एकदम उतरले. मूळ माप होते १६५/८० आर १४. दुकानात त्या दिवशी ते नव्हते. दुकानदाराने १७५/६५ आर १४ ह्या मापाचे टायर पुढे केले. ते दिसावयास रुंद आणि रुबाबदार होते, किंमतही परवडणारी होती. भाच्याने मला दूरध्वनी केला तेव्हा ते चढवून झाले होते. तो म्हणाला, “मामा, रिम चौदाची, टायर चौदाचा, कसा चपखल बसला आहे!”

बसला होता हे खरेच. परंतु बसणे आणि शोभणे ह्यांत जे अंतर असते, ते पुढच्या महिन्याभरात आम्हांला मोजून मिळाले.

पहिली तक्रार गाडीनेच केली. पाच माणसे, डिकीत गॅसची टाकी, टपावर सामान, अशी गाडी गल्लीच्या गतिरोधकावरून गेली की पोट घासू लागली. पूर्वी ती त्याच ओझ्यानिशी त्याच उंचवट्यावरून सुखरूप जात असे. दुसरी तक्रार एका गिऱ्हाइकाची. एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला भाच्याच्या गाडीने उधन्याहून धुळ्यास जातात. भाडे किलोमीटरवर ठरलेले. त्यांनी उतरताना आकडा पाहिला आणि शांतपणे विचारले, “का हो, धुळे दूर सरकले, की तुमचा किलोमीटर आखूड झाला?” नेहमी सव्वादोनशेच्या आसपास भरणारे अंतर त्या खेपेस चौदा किलोमीटरांनी जास्त भरले होते. भाच्याने काही गैर केले नव्हते, मीटरला हात लावला नव्हता. तरी त्या सभ्य माणसाच्या नजरेत तो लबाड ठरला. तो रात्री माझ्याकडे आला तो चेहरा उतरवूनच. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

तोच हिशेब आता आपणही माझ्याबरोबर करावा. त्यास चौथीच्या गणितापलीकडे काही लागत नाही.

टायरच्या कुशीवर लिहिलेले असते १६५/८० आर १४, आणि त्यापुढे ८५ टी. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० ही उंची नव्हे, तर टक्केवारी आहे. टायरची कूस, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची भिंत, रुंदीच्या शंभरांत ऐंशी इतकी उंच आहे असा त्याचा अर्थ. आर म्हणजे रेडियल. ह्यात आतील दोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले असतात. १४ हा रिमचा व्यास, इंचांत. लोक वाचतात तो बहुधा हाच शेवटचा आकडा, आणि तेथेच फसगत होते.

१६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. अशी भिंत रिमच्या वर एक आणि खाली एक, मिळून २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बेरीज ६१९.६. हा झाला मूळ टायरचा बाहेरचा व्यास. आता नवा टायर घ्या. १७५ चे ६५ टक्के म्हणजे ११३.७५, त्याची दुप्पट २२७.५, त्यात ३५५.६ मिळविले की ५८३.१. रुंदी दहा मिलिमीटरांनी वाढली, पण व्यास साडेछत्तीस मिलिमीटरांनी घटला. शेकडा सहाच्या जवळपास ही घट आहे. चाक दिसावयास भरदार झाले आणि प्रत्यक्षात लहान झाले.

मागाच्या कारखान्यात काम केलेल्यास ह्यापुढे काही सांगावे लागत नाही. मोटरवरची पुली बदलली की मागाचा वेग बदलतो, हे आमच्याकडे नवशिका पोरही आठ दिवसांत शिकतो. मोटारीचा अंतरदर्शक चाकाचे फेरे मोजतो. रस्ता मोजत नाही. एका फेऱ्यात अमुक इतकी जमीन कापली जाते, हे कारखान्याने त्याला एकदा शिकवून ठेवलेले असते. मूळ टायरचा घेर सुमारे १९४६ मिलिमीटर, नव्याचा सुमारे १८३२. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात साडेअकरा सेंटिमीटर जमीन कमी कापली जाते आणि प्रत्येक किलोमीटरला बत्तीस फेरे अधिक होतात. भाराने टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे किंचित खाली येतील. तुलना तीच राहते. खरे शंभर किलोमीटर झाले की अंतरदर्शक सव्वाशे मीटर नव्हे, सव्वासहा किलोमीटर जास्त सांगतो. सव्वादोनशेवर चौदा. शिक्षकांचा हिशेब चोख होता. लबाडी टायरच्या मापात होती.

वेगदर्शकाचेही तेच. काटा ८० दाखवीत असेल तेव्हा गाडी खरोखर ७५ ने धावत असते. एवढ्यापुरते हे निरुपद्रवी वाटेल. पण उलट दिशेने चूक केली, म्हणजे मापापेक्षा मोठा टायर घातला, तर काटा कमी वेग दाखवितो आणि गाडी जास्त वेगाने जात असते. वेगदर्शकाने खऱ्याहून थोडा अधिक वेग दाखविला तरी चालेल, कमी मात्र दाखवू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, तो ह्याच कारणाने.

आता ते पोट घासणे. व्यास साडेछत्तीसने घटला, म्हणजे आस त्याच्या निम्म्याने, सव्वाअठरा मिलिमीटरांनी खाली आला. डिझायरच्या २०१७ साली आलेल्या नमुन्याची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर आहे. त्यातून पाऊण इंच गेला की गतिरोधकावर तो लगेच जाणवतो. आमच्या भागात तर प्रश्न गतिरोधकांपुरता नाही. पावसाळ्यात खाड्या फुगल्या की उधना-लिंबायतकडच्या कित्येक गल्ल्यांत पाणी भरते, आणि तेव्हा पाऊण इंचाची किंमत काय असते ते वेगळे सांगावयास नको.

ह्याहूनही महत्त्वाचा आकडा लोक वाचतच नाहीत. तो म्हणजे मापापुढचा ८५. हा भारांक. ८५ म्हणजे योग्य हवा असताना एका टायरने ५१५ किलो भार वाहावा. १७५/६५ आर १४ चा भारांक सामान्यतः ८२ असतो, म्हणजे ४७५ किलो. प्रत्येक टायरमागे चाळीस किलो कमी. चारांचे मिळून एकशेसाठ. गाडीचे भरलेले वजन चारही टायरांच्या एकत्रित क्षमतेपेक्षा कमीच असते, म्हणून टायर त्याच दिवशी फुटत नाही, आणि म्हणूनच मनुष्य निर्धास्त राहतो. परंतु भार चारही चाकांवर सारखा नसतो. मागे गॅसची टाकी आहे, तीन माणसे आहेत, सामान आहे. हवा थोडी उतरली, उन्हाने रस्ता तापला, खड्डा आला, की कारखान्याने राखून ठेवलेली शिल्लकच उपयोगी पडते. ती शिल्लक आपण दुकानात उभ्या उभ्या खर्च करून येतो. भारांकापुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. नवा टायर ह्या दोन्ही बाबतींत मूळ टायरच्या बरोबरीचा किंवा वरचा असावा, खालचा कधीही नसावा.

तिसरा धडा विसरवाडीजवळ मिळाला. रात्री पुढचे चाक पंक्चर झाले. जादा चाकावर अर्थातच जुना, मूळ मापाचा टायर होता. तो चढविला, तेव्हा पुढच्या एका बाजूचे चाक दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा साडेतीन सेंटिमीटरांनी मोठे झाले. गाडी एका अंगाला ओढू लागली. पुढच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणारे दाते, जे एरवी केवळ वळणावर काम करतात, ते सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहिले. भाचा हळूहळू जवळचे दुकान गाठून सुखरूप परतला. पण एका आसावर दोन मापे कधीही नसावीत हे तो आता कोणालाही शपथेवर सांगेल. ज्याला माप बदलावयाचे असेल, त्याने चार नव्हे, पाच टायरांचा विचार करावा.

मग दुसरे माप मुळीच घालू नये काय? तसेही नाही. खुद्द कारखानदारच एका गाडीस दोन मापे देतो. ह्याच डिझायरच्या वरच्या प्रतींना १८५/६५ आर १५ हे टायर येतात. त्यांचा व्यास काढून पाहा: १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, पंधरा इंचांचे ३८१, एकूण ६२१.५. पहिल्या मापाहून जेमतेम दोन मिलिमीटर अधिक. रिम वाढली, रुंदी वाढली, शोभा वाढली. व्यास मात्र जागेवरून हलू दिला नाही. ह्यात सारे शास्त्र आले.

आपल्याला तर रिमही बदलावयाची नाही. मग हिशेब आणखी सोपा. रिम तीच असल्यामुळे भिंतीची उंची जुळली की व्यास आपोआप जुळतो. रुंदी वाढवावयाची तर टक्केवारी उतरली पाहिजे, आणि ती बेतानेच उतरली पाहिजे. मूळ भिंत १३२. १७५/७५ ची भिंत १३१.२५, जवळजवळ तीच, हे माप हाती लागले तर उत्तम. १८५/७० ची १२९.५, व्यास ६१४.६, म्हणजे पाच मिलिमीटरांची, शेकडा एकाहूनही कमी घट. ह्याचा भारांक सामान्यतः ८८, म्हणजे ५६० किलो. हिशेबाने हेही चालण्याजोगे. १७५/७० मात्र शेकडा तीनांनी घटते, तेथे थांबावे. १७५/८० शेकडा अडीचांनी वाढते. काट्यावर विश्वास राहत नाही आणि चाक पूर्ण वळविताना आतल्या आच्छादनास घासण्याचा संभव. शेकडा तीन ही जाणकारांनी मानलेली कमाल मर्यादा आहे. शहाण्याने दीडच्या आत राहावे.

व्यासानंतर रिमची रुंदी पाहावी. ती रिमवरच कोरलेली असते. ५ जे म्हणजे पाच इंच. प्रत्येक मापाच्या टायरला किती ते किती रुंदीची रिम चालते, हे टायर बनविणाऱ्याच्या कोष्टकात दिलेले असते. १८५/७० ला साडेचार ते सहा इंच चालते. तेव्हा पाच इंचांवर तो बसेल. अरुंद रिमवर फाजील रुंद टायर कोंबला, तर तो मध्ये फुगतो, वळणावर डुलतो आणि वेडावाकडा झिजतो. टायर बसविल्यावर सुकाणू दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवून, आणि एकदा गाडी पूर्ण भरून, कोठे घासत नाही ना हे पाहिल्याखेरीज दुकान सोडू नये.

आणि एवढे जमल्यावरही स्वतःस एक प्रश्न विचारावा: रुंद टायर हवाच कशाला? रुंद टायर कोरड्या रस्त्यावर पकड थोडी वाढवील; पण सुकाणू जड होईल, इंधन थोडे जास्त जाईल, आणि साचलेल्या पाण्यावर वेगात गेल्यास अरुंद टायरपेक्षा तो लवकर तरंगू लागेल. पावसाळ्यात कोंडाईबारी चढणाऱ्याला हा व्यवहार फायद्याचा नाही.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमाने वाहनात असे फेरफार करण्यास मनाई आहे, की ज्यामुळे नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच कटाक्षाने सांगितले. भाड्याने चालणाऱ्या वाहनाच्या नोंदणीत टायरांची संख्या, वर्णन आणि माप हे स्वतंत्र सदर असते. म्हणून कारखानदाराने त्याच गाडीच्या कोणत्या तरी प्रतीस मान्य केलेले माप हाच सर्वांत निर्वेध मार्ग. ते माप चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर आणि गाडीच्या पुस्तिकेत असते. दुकानात जाण्यापूर्वी दार उघडून ती पट्टी वाचावी. नवा टायर घेताना आय. एस. आय. चिन्ह पाहावे, कुशीवरचे चार अंकही पाहावेत. २३२४ असे असेल, तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला. नक्षीची खोली मोटारीस १.६ मिलिमीटरांहून कमी झाली की तो टायर नियमानेही बाद आणि अकलेनेही बाद.

माझ्या लहानपणी आमच्या गावी लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवीत असे. चाकाचा घेर मोजून तो धाव किंचित आखूड करी, शेणीच्या जाळात ती लाल होईतो तापवी, फुगली की पुठ्ठ्यांवर बसवी आणि वरून पाणी ओती. ती आवळून अशी बसे, की चाकाचे सगळे सांधे घट्ट होत. त्याला चिंता होती ती फक्त आतल्या मापाची, कारण बैलगाडीचे फेरे कोणी मोजीत नव्हते. आमचा भाचा, त्याचा दुकानदार आणि आपणही बहुतेक जण अजून त्या लोहाराच्या दृष्टीनेच चाकाकडे पाहतो. आतून बसली, काम झाले. मोटारीचे मात्र बाहेरचे माप महत्त्वाचे आहे. अंतर, वेग, उंची, घाटातला तोल, सारे त्यावर टेकलेले आहे.

भाच्याने ते टायर परत दिले. दुकानदाराने भल्या मनाने अर्धी किंमत वळती करून घेतली. त्यालाही ह्या हिशेबाची कल्पना नव्हती. चार दिवस गाडी उभी ठेवून मूळ मापाचे टायर मागविले. मग भाचा त्या शिक्षकांच्या घरी गेला, कागदावरचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला, आणि जास्त घेतलेल्या किलोमीटरांचे पैसे त्यांच्या हाती दिले. त्यांनी हिशेब पुन्हा एकदा स्वतः तपासला, एका ठिकाणचा दशांश दुरुस्त केला, आणि पुढच्या महिन्याची धुळ्याची तारीख सांगितली.